दाबून केलेली सही

मी शिकवताना फार लवकर चिडते, हे आधीच सांगून टाकते. पोरांवर नाही चिडत. पोरं चुकायलाच शाळेत आलेली असतात. मोठ्या माणसांवर चिडते. आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय मला मिळाला तो ज्या माणसावर मी सगळ्यात जास्त चिडले त्याच्यामुळं. म्हणून तो सांगताना आजही मला थोडं ओशाळायला होतं. थोडंच.

वाळूजला तेव्हा जिकडं बघावं तिकडं नव्या शेड उभ्या राहत होत्या. बजाजनगरातल्या आम्हा लोकांना वेळ कळायची ती कारखान्यांच्या भोंग्यांवर. तिथल्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला मला घेतलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. एका कारखान्यानं ऑफिसातले बारा जुने कॉम्प्युटर शाळेला देऊन टाकले होते. मुख्याध्यापकांनी त्यांच्यासाठी प्रयोगशाळेशेजारची खोली रिकामी केली, दाराबाहेर चपला काढायचा नियम केला आणि किल्ली माझ्या हातात दिली. बाकीच्या शिक्षकांनी त्या खोलीला 'बाईंचं देवघर' असं नाव ठेवलं आणि तिकडं फिरकायचंच बंद केलं. मलाही ते बरंच वाटायचं.

मग पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात आली. दहावीच्या मुलांमधून काही जणांना निवडून ही कंपनी वाळूजमधल्याच आपल्या नव्या कारखान्यात दोन वर्षं काम शिकवायची आणि पुढं तिथंच नोकरीला घ्यायची. निवडीची परीक्षा कॉम्प्युटरवर व्हायची, आणि फक्त पुण्याला व्हायची. आमच्या शाळेतल्या बारा जणांनी अर्ज भरले होते. त्यात पाच मुली. त्यांच्या घरच्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, पुण्याला धाडणार नाही. तेव्हा मुख्याध्यापकांनी कंपनीला पत्र लिहिलं, की कॉम्प्युटर आमच्याकडं आहेत, परीक्षा इथंच घ्या.

कंपनीचे एक अधिकारी पाहणीला आले. सभ्य, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी बाराही कॉम्प्युटर चालवून पाहिले आणि म्हणाले, "यंत्रं ठीक आहेत. पण पर्यवेक्षण कोण करणार? मुलांना कॉम्प्युटर ज्यांनी शिकवलं त्यांनी करायचं नाही, असा आमचा नियम आहे."

म्हणजे मी बाद. परीक्षेच्या वेळी मी दाराबाहेर उभं राहायचं. आत असणार होते गणिताचे सर, मराठीच्या बाई आणि शिपाईमामा. या तिघांना तयार करायचं काम मात्र माझं. आधी एका रविवारी रंगीत तालीम, त्याच्या पुढच्या रविवारी खरी परीक्षा. कुठंही गडबड झाली तर केंद्र पुण्याला हलवायचं, असं ठरलं. जाता जाता अधिकाऱ्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "इथलं वातावरण कसं आहे सध्या? आमच्याकडं लोक जरा काळजी करतात."

विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय तोंडावर आलेला तो हिवाळा होता. चौकाचौकात पोलीस बसलेले असायचे. मी म्हणाले, "वातावरण झकास आहे, सर." मुख्याध्यापकांनी माझ्याकडं बघून घसा खाकरला.

केंद्र हलवणं हे शब्द मला चालत नाहीत, त्याला कारण आहे. आमचं गाव गंगापूरकडचं. विद्यापीठाच्या नावासाठी आंदोलन सुरू झालं तेव्हा मी दुसरी-तिसरीत होते आणि माझी आक्का दहावीत. आमच्या वस्तीत दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. त्या वर्षी तिचं परीक्षेचं केंद्र ऐनवेळी दूरच्या गावी हलवलं. एसटी कधी चालू, कधी बंद. रस्त्यात काय होईल याचा भरवसा नाही. वडील म्हणाले, "या दिवसांत पोरगी एवढ्या लांब नाय धाडायची." आक्का रडली नाही. तिनं हॉल तिकीट रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या कव्हरात घालून ठेवलं, आणि ते तिथंच राहिलं. पुढं आम्ही सगळे वाळूजला आलो. आक्का रबरी पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. मला शिकवलं ते तिनं.

त्यामुळं या बारा मुलांचं केंद्र मी हलू देणार नव्हते. त्या पाच मुलींचं तर नाहीच नाही.

या तिघांना शिकवायला घेतलं तेव्हा मी आठ नियमांचा तक्ता करून भिंतीवर लावला. परीक्षा अशी होती, की प्रत्येक मुलाला एक फ्लॉपी मिळायची, म्हणजे तळहाताहून थोडं मोठं, काळं, लवचिक, चौकोनी कव्हर आणि त्याच्या आत चकती. प्रश्न तिच्यातच, आणि मुलानं दिलेली उत्तरंही तिच्यातच साठायची. उत्तरपत्रिका म्हणजे ती फ्लॉपीच. म्हणून माझे नियम असे, की फ्लॉपी वाकवायची नाही. मधल्या उघड्या भागाला बोट लावायचं नाही. कॉम्प्युटरवरचा लाल दिवा जळतोय तोवर ती बाहेर ओढायची नाही. घंटा झाली म्हणून मेन स्विच बंद करायचा नाही.

हा शेवटचा नियम शिपाईमामांसाठी. शाळा सुटल्याची घंटा दिली की खटकन सगळी लाईट बंद करायची, हा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता. ते शहागंजातले, बोलण्यात दखनी मिसळायची. "बाई, फिकर मत करो," ते म्हणाले, "मैं उसके नीचेच बैठता." आणि खरोखरच स्विचबोर्डाखाली स्टूल टाकून बसायला लागले.

मराठीच्या बाई हुशार निघाल्या. गणिताचे सर मात्र माझी डोकेदुखी. देवगाव रंगारीचे, धनगराच्या घरातले. लहानपणी मेंढरांमागं हिंडत पाढे पाठ केलेले. बोर्डाच्या परीक्षेत त्यांच्या वर्गात कॉपी करायची छाती कुणाची नव्हती. पण माझ्या तक्त्यापुढं ते हाताची घडी घालून उभे राहायचे आणि सगळ्याला नुसतं "बरं" म्हणायचे. समजलं का, विचारलं तरी बरं. नाही समजलं का, विचारलं तरी बरं. कालची पोरगी आपल्याला शिकवते हे त्यांना झोंबत असणार, असं मी धरून चालले.

तेवढ्यात संक्रांत आली आणि नामांतर झालं. आक्का आणि मी विद्यापीठाच्या गेटवर गेलो. गर्दी एवढी, की पाय ठेवायला जागा नव्हती. आक्कानं मान वर करून नवं नाव मोठ्यानं वाचलं, एकेक अक्षर सुटं करून, आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. हॉल तिकीट ठेवून दिलं तेव्हाचंही रडणं त्यात असावं. मी इतकी खूश होते, की दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन शाळेत गेले.

शिक्षकांच्या खोलीत एकदम सगळ्यांना वह्या तपासायच्या आठवल्या. पुडा उघडा धरून मी उभी, आणि मी तो मिटायला लागले तेवढ्यात गणिताचे सर उठले, एक पेढा उचलून तोंडात टाकला आणि दुसरा उचलला. "हा घरी नेतो," म्हणाले. मग मराठीच्या बाई उठल्या. मग बाकीचे. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण त्यानंतर आठच दिवसांनी मी त्या माणसाशी जे वागले ते वाचताना हे लक्षात राहावं.

तालमीचा दिवस अगदी लोण्यासारखा चालला होता. बारा मुलं, बारा यंत्रं, पंधरा मिनिटांची छोटी परीक्षा. कुणी स्विचला हात लावला नाही. लाल दिवे विझेपर्यंत थांबून सरांनी नंबराप्रमाणं फ्लॉप्या गोळा केल्या. अधिकारी सोबत आणलेल्या आपल्या कॉम्प्युटरवर बसले आणि एकेक फ्लॉपी वाचायला घातली. पहिली वाचली गेली. दुसरी नाही. तिसरी नाही. बारापैकी सात वाचल्याच गेल्या नाहीत.

मी आत धावले. फ्लॉपी उचलून पाहिली तर तिच्यावर चिकटवलेल्या लेबलावर सरांची सही होती. खाली रेघ, रेघेखाली तारीख. बॉलपेननं, दाबून. बारावर बारा सह्या. आतली चकती इतकी नाजूक, की वरून टोक दाबलं तरी तिच्यावर खड्डा पडतो. ते लेबल एकदा चिकटवलं की त्यावर लिहायचं नसतं. हे जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याला माहीत होतं आणि माझ्या आठ नियमांत नव्हतं.

"सर, तुम्हाला सही करायला कुणी सांगितलं होतं?" मी ओरडलेच.

सर गोंधळून म्हणाले, "पर्यवेक्षकाची सही नसली तर उत्तरपत्रिका बाद होते की."

"ही उत्तरपत्रिका आहे का? फ्लॉपी आहे ती, फ्लॉपी! पाच मुलींचं वाटोळं केलंत तुम्ही एका सहीपायी!"

मुलांसमोर. अधिकाऱ्यांसमोर. शिपाईमामा स्टुलावरून उठून उभे राहिले. सरांनी पेनाला टोपण लावलं, ते खिशात अडकवलं आणि चपला घालून ते निघून गेले.

अधिकारी पुण्यालाच परीक्षा घ्यायच्या विचारात होते. मुख्याध्यापकांनी हात जोडले, अक्षरशः जोडले, तेव्हा ते म्हणाले, "ठरल्याप्रमाणं पुढच्या रविवारी येतो. पण एक जरी उत्तरपत्रिका गेली तरी परीक्षा रद्द, आणि सगळ्यांनी पुण्याला यायचं."

संध्याकाळी घरी मी भांडी आपटत सगळं आक्काला सांगितलं. ती दिवसपाळी करून आलेली, बोटांना रबराचा काळा रंग तसाच. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू त्यांना इचारलं होतं का, ते पेपर कसा गोळा करत्यात?"

"त्यात काय विचारायचं?"

"आमच्या लायनीत नवा सायेब आला की शहाणा आसंल तर आदी दोन दिस आमचं हात बगत उभा ऱ्हातो. आन जो येताच कागद चिटकवतो, त्याचा माल परत येतो. तुजा माल परत आलाय."

मला तिचा असा राग आला. अर्ध्या तासानं कळलं, की राग यायचं कारण ती बरोबर होती हे आहे.

सोमवारी मी सरांसमोर गेले. माफी मागायची मला सवय नाही. सगळं पाठ करून गेले होते ते विसरले. "सर, चूक माझी होती. मी सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाले. मग म्हटलं, "आता मला तुम्ही शिकवा. तुम्ही वर्गात पाय ठेवता तिथपासून गठ्ठा बांधेपर्यंत तुमचे हात काय काय करतात, सगळं."

सरांनी समोरची वह्यांची चळत बाजूला सारली. म्हणाले, "बसा."

आणि सांगायला लागले. बाकांखाली हात फिरवून कागद शोधायचे. नंबर आणि चेहरा जुळवायचा. अर्ध्या तासानं सही करत फिरायचं. त्या निमित्तानं प्रत्येक पोराजवळ उभं राहता येतं, घाबरलेलं कोण आहे ते कळतं. पुरवणीचा दोरा ओढून बघायचा. शेवटच्या दहा मिनिटांची घंटा झाली की दारात उभं राहायचं. मग नंबरवार गोळा करायचं, एकदा मोजायचं, उलटं मोजायचं, आणि तिसऱ्यांदा नुसतं बघायचं.

"बघायचं म्हणजे?"

सर पहिल्यांदा हसले. शाळेतली भाषा सोडून गावाकडच्या भाषेत आले. "आमच्यात सांजच्याला मेंढरं वाड्यात घेताना निसती मोजत नाय बाई. तोंड बगून आत घेत्यात. आकडा बरोबर येतो आन त्यात एक दुसऱ्याचं आसतं, आपलं रानात ऱ्हायलेलं आसतं. लई येळा झालंय. म्हनून म्या सही करतो. सही म्हंजी ह्ये माज्या वाड्यातलं."

मी माझा तक्ता भिंतीवरून काढला. त्या आठवड्यात आम्ही चौघांनी मिळून नवा केला, त्यांच्या हातांच्या क्रमानं. सरांच्या सहीला मी जागा शोधली. लेबल फ्लॉपीवर चिकटवण्याआधीच टेबलावर ठेवायचं, त्यावर नंबर घालायचा, सरांनी खाली हवी तेवढी दाबून सही करायची, तारीख टाकायची, आणि मग ते चिकटवायचं. इतकं सोपं होतं. मराठीच्या बाईंनी दोऱ्याऐवजी प्रत्येक फ्लॉपीला कागदी पाकीट शिवलं. मामांनी दहा मिनिटांची घंटा अर्धी दाबून वाजवायची तालीम केली, म्हणजे पोरं दचकायला नकोत. आणि सर आता "बरं" म्हणेनासे झाले, दर दोन मिनिटांनी "का?" विचारायला लागले. मी एकदाही चिडले नाही. जवळजवळ.

रविवार उजाडला. गेटबाहेर मुलांचे आईबाप जमले. पाच मुलींच्या पाच आया एका ओळीत भिंतीला टेकून बसलेल्या, आणि त्यांच्यात सुट्टी टाकून आलेली आक्का. तिचं कुणी परीक्षेला नव्हतं. मी दाराबाहेर चपलांच्या राशीशेजारी उभी. काचेतून दिसत होतं तेवढंच माझं.

सरांनी बारा लेबलांवर सह्या केल्या. मुलं बसली. सर फिरत राहिले. पाच नंबरची मुलगी एकच कळ पुन्हा पुन्हा दाबत होती, तिच्याजवळ जरा जास्त वेळ थांबले, पडद्याकडं न बघता. लाईट गेली नाही. मामांची अर्धी घंटा झाली, पुरी घंटा झाली. लाल दिवे विझले. सरांनी बारा फ्लॉप्या ट्रेमध्ये लावल्या, सरळ मोजल्या, उलट मोजल्या. अधिकाऱ्यांनी त्या आपल्या डब्यात घेतल्या, त्यातून एकेक काढून वाचल्या आणि टेबलावर ठेवल्या. बाराच्या बारा वाचल्या गेल्या. मला आत बोलावलं. मुख्याध्यापकांनी माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला.

सर मात्र टेबलावरच्या बारा फ्लॉप्यांकडं नुसते बघत उभे होते. तिसऱ्यांदा.

"ह्ये आपलं नाय," ते म्हणाले.

अधिकारी हसले. "सर, बारा आहेत. तुमचीच सही आहे प्रत्येकीवर."

"सही माझीच आहे. पण ही आजची नाही." सरांनी पाच नंबरची फ्लॉपी उचलली. "आजच्या सह्या टेबलावर केल्यात, सरळ आल्यात. हिची शेपटी वाकडी झाली बघा. पेन खाली रुतलंय."

मी फ्लॉपी हातात घेतली. सहीखालची तारीख गेल्या रविवारची होती. तालमीत ज्या पाच वाचल्या गेल्या होत्या त्यातलीच ही एक. अधिकाऱ्यांच्या डब्यात राहून गेली होती आणि आजच्या गठ्ठ्यात शिरली होती. अधिकाऱ्यांनी डबा पालथा केला. तळाशी, पाकिटात नीट झोपलेली, पाच नंबरची आजची फ्लॉपी निघाली. कुणाच्याही लक्षात आलं नसतं. आकडा बरोबर होता, वाचलीही गेली होती. फक्त त्या मुलीच्या नावावर पंधरा मिनिटांच्या तालमीतली अर्धी उत्तरं लागली असती आणि ती घरी बसली असती.

अधिकाऱ्यांनी ती वाचायला घातली. पोरीनं एकही प्रश्न सोडलेला नव्हता.

सभ्य माणूस, हे मी आधी म्हटलंच आहे. ते उठले आणि सरांना म्हणाले, "ही चूक माझी. पुढच्या वर्षी मला तुमच्याकडून शिकून जावं लागेल." मुख्याध्यापकांनी विचारलं, "पुढच्या वर्षी म्हणजे केंद्र...?" ते म्हणाले, "हलवायचं कशाला? इथंच." तसं त्यांनी कागदावर लिहून दिलं. मी त्या खोलीत अशी ओरडले, की मामांनी सवयीनं घंटेकडं धाव घेतली.

गेटवर जाऊन मी आक्काला सांगितलं, केंद्र हललं नाही. पाच नंबरच्या मुलीला बाहेर येताना तिनं पाहिलं, तिची आई तिच्या तोंडावरून हात फिरवत होती तेही पाहिलं. मग म्हणाली, "बाहेरून दहावीला बसायचं ते सतरा नंबरचं फारम भरायला वयाची काय आट आसती का गं?"

पाच मुलींपैकी तीन जणी निवडल्या गेल्या, त्यात पाच नंबरची होती. आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये आमच्या शाळेत बोर्डाच्या परीक्षेला, पोराटोरांच्या मधल्या बाकावर, एक बत्तीस वर्षांची बाई बसली होती. बोटांचे काळे डाग दगडानं घासून आलेली. पहिला पेपर मराठीचा, वर्गावर गणिताचे सर. मी व्हरांड्यातून बघत होते.

अर्ध्या तासानं सर सह्या करत आक्कापाशी आले. तिनं हॉल तिकीट पुढं केलं, नवं. सरांनी नंबर जुळवला, चेहरा बघितला, उत्तरपत्रिका आपल्याकडं ओढली आणि सही केली. खाली रेघ, रेघेखाली तारीख. दाबून, अगदी मागच्या पानावर उमटेल अशी. कागदच होता, काही बिघडणार नव्हतं.